सामाईक फोल्डरचा पंचनामा

“सामाईक म्हणजे नक्की कोणाचं?” शिरस्तेदार खांबेट्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

“सगळ्यांचं, सर.”

“सगळ्यांचं असं काही नसतं, पिसाळबाई. बत्तीस वर्षं या खात्यात काढली मी. सगळ्यांचं म्हणजे ज्याचा ताबा त्याचं.”

सोमवारची सकाळ होती. तालुक्याच्या मोजणी कार्यालयात मी तेव्हा अकरा महिन्यांच्या करारावर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. जमिनी मोजायच्या, नकाशे काढायचे आणि भावाभावांना त्यांच्या हद्दी दाखवून आणखी भांडायला लावायचं, हे आमच्या कार्यालयाचं काम. कॉम्प्युटर पाच होते, पण एकावरचा नकाशा दुसऱ्यावर न्यायचा तर पेनड्राइव्ह लागायचा आणि तो एकच होता. खांबेट्यांनी तो आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात सुतळीने बांधून ठेवला होता. कोणाला हवा असेल तर खांबेटे स्वतः जुडग्यासकट उठून यायचे आणि काम होईपर्यंत मागे उभे राहायचे.

वरून परिपत्रक आलं की प्रत्येक कार्यालयाने ‘सामायिक फोल्डर’ तयार करावा. शुक्रवारी उपसंचालक मॅडम तपासणीला येणार होत्या. आमचे कार्यालयप्रमुख बेंडाळे साहेबांनी परिपत्रकावर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा मारला आणि ते माझ्या टेबलावर आलं. साहेब घरून डबा आला तरी त्यावर हाच शेरा मारतील, असं आम्ही म्हणायचो.

काम अर्ध्या तासाचं होतं. साहेबांच्या कॉम्प्युटरवर मी फोल्डर उघडला, पाचही कॉम्प्युटरना त्याची वाट दाखवली आणि सगळ्यांना परवानगी दिली. चूक झाली ती नाव टाकताना. परिपत्रकात ‘सामायिक’ होतं. पण मी रोज जमिनीचे उतारे टंकणारी बाई, माझ्या बोटांनी सवयीने ‘सामाईक’ उमटवलं. आता हा शब्द आमच्या कार्यालयात एकाच अर्थाने चालतो. बाप मेला, वारसांची नावं लागली, पण वाटणी झालेली नाही, अशी जमीन म्हणजे सामाईक. एका अक्षराने चार दिवस रामायण घडवलं.

“हिस्सेदार किती?” सर्व्हेअर गव्हाणे तेवढ्यात विचारत आले.

“हिस्सेदार नाहीत हो. सगळ्यांनी एकत्र वापरायचा.”

“असं सगळेच सुरुवातीला म्हणतात,” अभिलेखपाल नलावडेबाई म्हणाल्या. जुने नकाशे त्यांच्या ताब्यात असत.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझा भाऊ जालिंदर आला. गाव वीस किलोमीटरवर, पण तो असा ऑफिसात कधी यायचा नाही. बाहेरच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. मी डबा पुढे केला तर म्हणाला, “जेवूनच आलोय.” त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी काम आहे.

“आक्का, शुक्रवारी चार वाजता निबंधकाच्या हापिसात यायचं. वकिलानं कागद तयार केलाय.”

“कसला कागद?”

“हक्कसोडचा. अण्णा गेल्यापास्नं उताऱ्यावर तिघांची नावं चढल्यात न्हवं? तुझं नि आईचं नाव तेवढं कमी करायचं. बाकी काय न्हाई. मला कोंबड्यांचं शेड टाकायचंय, एकच नाव असलं की कामं लौकर हुत्यात.”

“आईला विचारलंस?”

“आईला काय विचारायचं? अंगठा देती म्हणाली.”

मी ‘हो’ म्हटलं. खरं सांगते, म्हणताना वाईट वाटलं. अडीच एकर जमीन आणि एक विहीर. त्या विहिरीचा गाळ काढताना अण्णांच्या जोडीला मी होते. जालिंदर तेव्हा बालवाडीत होता. पण आमच्याकडे बहीण सही करते आणि साडी घेऊन परत जाते, तशीच पद्धत आहे. ‘नाही’ म्हणणारीचं माहेर तुटतं, आणि माहेर तुटलेल्या बाईला ‘या दिवाळीला कुठे जाणार?’ हे सासरच्या सगळ्या बायका आळीपाळीने विचारतात. नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, “तुझ्या माहेरचं तू बघ.” चांगला माणूस आहे, पण संकटकाळी नेहमी एवढंच बोलतो.

मंगळवारी सकाळी फोल्डर उघडला तर आत आणखी दोन फोल्डर उगवले होते. एकाचं नाव ‘खांबेटे (पूर्वापार ताबा)’ आणि दुसऱ्याचं ‘गव्हाणे हिस्सा १/४’.

“पूर्वापार कसा, सर? कालच तर झालाय,” मी म्हणाले.

“सर्वांत आधी मी शिरलो. साडेपाचला. बाकीचे घरी गेले होते,” खांबेटे म्हणाले.

गव्हाण्यांनी तर रीतसर मोजणीच केली होती. एक टिपण ठेवलं होतं त्यांनी: एकूण क्षेत्र चाळीस जीबी, हिस्सेदार चार, प्रत्येकी दहा, पोटखराबा, म्हणजे नापीक तुकडा, म्हणून कचऱ्याचा डबा वगळला. मला हिस्सेदारांत धरलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, “तुम्ही करारावर ना?”

नलावडेबाईंची मात्र पंचाईत झाली. त्यांनी घाईघाईत आधी खांबेट्यांच्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली आणि मग आत जाऊन आपला फोल्डर केला. म्हणजे त्यांचं घर खांबेट्यांच्या अंगणात झालं. खांबेट्यांना हे कळलं तसं त्यांनी माझ्याकडून आपल्या फोल्डरला कुलूप घालून घेतलं, “फक्त माझ्यापुरतं” म्हणून. मी घातलंही. मला काय ठाऊक की आत एक बाई अडकलेली आहे!

“माझ्या तीनशे नकाशांना जायला वाट नाही!” नलावडेबाई कडाडल्या. “रस्ता अडवला या माणसाने!”

“माझ्या मालकीतून रस्ता नाही. पर्यायी रस्ता बघा,” खांबेटे म्हणाले.

“बाई, मी त्यांचा फोल्डर बाहेर आणून ठेवते, दोन मिनिटांचं काम आहे,” मी मध्ये बोलले. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बाईंनी कोरा कागद ओढला, वर ‘विषय : वहिवाटीचा रस्ता मोकळा करून मिळणेबाबत’ असं लिहिलं आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो तीनदा वाचला. शेरा आला : ‘स्थळपाहणी व पंचनामा करून अहवाल सादर करावा.’

बुधवारी पंचनामा झाला. पंच म्हणून चहाच्या गाड्यावरचे इसाकभाई आणि फाटकाबाहेर अर्ज लिहून देणारे पोतदार आले. सगळे साहेबांच्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. गव्हाण्यांनी दिशा ठरवायला होकायंत्र काढलं. खांबेट्यांनी मजकूर सांगितला आणि पोतदारांनी उतरवून घेतला. त्याची एक प्रत माझ्याजवळ अजून आहे: ‘आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर फोल्डर पिवळ्या रंगाचा असून साहेबांच्या टेबलाच्या उत्तर बाजूस आहे. आत प्रवेश केला असता खांबेटे यांचे फोल्डरास कुलूप आढळले. त्यापलीकडे नलावडे यांचा फोल्डर असल्याचे त्यांनी तोंडी सांगितले, तथापि तो प्रत्यक्ष दिसून आला नाही.’

इसाकभाईंनी सही करण्याआधी पडद्याजवळ डोळे नेले. “पिसाळबाई, एवढुसं तर आहे हे. यात भांडायला जागा कुठे आहे?”

“भांडायला जागा लागत नाही, इसाकभाई. हिस्सा लागतो,” पोतदार म्हणाले.

त्या चार दिवसांत फोल्डरमधून एकही नकाशा कोणाकडे गेला नाही. पेनड्राइव्ह मात्र दोनदा फिरला, सुतळीसकट.

संध्याकाळी जालिंदरचा फोन आला. “आक्का, इसरू नगंस. आधार कार्ड घिऊन ये. आन् साडी कंच्या रंगाची घिऊ?”

“कुठलीही घे,” मी म्हणाले. त्याला वाटलं मी खूश आहे.

गुरुवारी दुपारी गव्हाण्यांनी फेरमोजणी काढली. त्यांना आपला हिस्सा कमी भरतोय असा संशय होता. फोल्डरवर उजवी टिचकी मारून ते एकेक खिडकी उघडत गेले आणि अचानक ओरडले, “साहेब! इकडे या! मालकी रकान्यात दुसरंच नाव आहे!”

सगळे धावले. मीही गेले. पडद्यावर स्पष्ट होतं. मालक : सुलक्षणा पिसाळ. मी माझ्या नावाने आत शिरून फोल्डर केला होता, तेव्हा कॉम्प्युटरने आपल्या पद्धतीने नोंद घेतली होती. त्याने माझा करार विचारला नव्हता.

साहेबांनी ते नाव तीनदा वाचलं. मग नलावडेबाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे आपण सगळे यांची कुळं?”

आणि तीन दिवस एकमेकांचं तोंड न बघणारी ती माणसं एका क्षणात एक झाली. खांबेट्यांनी नलावडेबाईंना स्वतःची खुर्ची दिली.

“पिसाळबाई,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमच्या मनात काही नसणार, मला माहीत आहे. पण उद्या मॅडमना दिसलं तर बरं दिसणार नाही. तुमचं नाव तेवढं कमी करा. बाकी काही नाही.”

मी चमकले. शब्दसुद्धा जालिंदरचेच होते.

“साहेब, माझं नाव काढलं तर तो चालवायचा कोणी? बंद पडला तर?”

“तुम्हीच की! काम तुमच्याकडेच राहील. नाव नसलं म्हणून काम कुठे थांबतं?”

“पण तोंडी नको,” खांबेटे म्हणाले. “नंतर वारस उभे राहतात.” त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात कागद तयार केला. ‘मी लिहून देणार सौ. सुलक्षणा पिसाळ, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व कोणताही मोबदला न घेता सदर सामाईक फोल्डरावरील माझा संपूर्ण हक्क कायमचा सोडून देत आहे…’

मी सही केली. सगळे हसत होते, म्हणून मीही हसले. नलावडेबाईंनी कपाटातून संक्रांतीच्या हळदीकुंकवातला उरलेला खण काढला, इसाकभाईंकडून नारळ मागवला आणि माझी ओटी भरली. “लेकीबाळीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?” त्या अगदी मनापासून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी कॉम्प्युटरपुढे बसले, मालकी साहेबांच्या नावावर केली आणि यादीतून माझं नाव पुसलं. खांबेट्यांनी साहेबांना लगेच पासवर्ड बदलायला लावला. “ताबा घेतला की पहिल्यांदा कुलूप बदलायचं,” ते म्हणाले.

शुक्रवारी अकरा वाजता उपसंचालक मॅडम आल्या. ठेंगण्या, पायात कापडी बूट, हातात स्वतःची पाण्याची बाटली. नारळ-हार त्यांनी बाजूला ठेवायला सांगितला आणि थेट विचारलं, “फोल्डर दाखवा.”

साहेबांनी पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. काल घाईत बदलताना कळफलक मराठीवर होता की इंग्रजीवर, ते त्यांना आठवेना. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यांच्या कपाळावर घाम आला.

“पिसाळबाई, तुम्ही उघडा,” ते म्हणाले.

मी माझ्या टेबलावर गेले आणि फोल्डर उघडून पाहिला. पडद्यावर चौकोन आला: तुम्हाला परवानगी नाही.

“हा फोल्डर केला कोणी?” मॅडमनी विचारलं.

“मी, मॅडम.”

“मग तुम्हालाच परवानगी कशी नाही?”

“सोडली, मॅडम. कालच. सही करून.”

“कोणी सोडायला लावली?”

“लावली नाही कोणी. सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं.”

खांबेट्यांनी अभिमानाने कागद पुढे केला. मॅडमनी तो उभ्या उभ्या वाचला. “मोबदला काही घेतला नाहीत?”

“खण-नारळ मिळाला.”

“नारळ कुठाय?”

“चटणी केली, मॅडम.”

मॅडम हसल्या नाहीत. “यांचं नाव परत लावा,” त्या साहेबांना म्हणाल्या.

“तसं लगेच नाही लावता येणार,” खांबेटे अदबीने म्हणाले. “फेरफार घ्यावा लागेल. हितसंबंधितांना नोटिसा, पंधरा दिवस हरकतीची मुदत. हरकत तर येणारच.” एवढं बोलून त्यांनी गव्हाण्यांकडे पाहिलं आणि गव्हाण्यांनी मान डोलावली.

मॅडमनी तपासणीच्या वहीत एक ओळ लिहिली: ‘फोल्डर आढळला. सामायिक आढळला नाही.’ आणि त्या पुढच्या तालुक्याला निघून गेल्या.

मी टेबल आवरत होते तेव्हा खांबेटे जवळ आले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. “मनाला लावून घेऊ नका, पिसाळबाई. पण सोडायला एक सही लागते आणि परत मिळवायला उभा जन्म पुरत नाही. किती बाया रडत येतात माझ्या टेबलाशी. ‘मला वाटलं, भाऊ बघेल’ म्हणतात. मी काय करणार? खाली सही त्यांचीच असते.”

पावणेचार वाजले होते. मी अर्धी रजा टाकली आणि निबंधकांच्या ऑफिसकडे चालत गेले. मी सही करायलाच चालले होते, नाही म्हणायला नव्हे. खोटं कशाला सांगू?

जालिंदर पायरीवर उभा होता, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. आत बाकावर आई बसली होती, नवं लुगडं नेसून. तिचा अंगठा आधीच शाईच्या पॅडवर दाबून तयार ठेवला होता. तो कुठे लागू नये म्हणून तिने हात पुढे अधांतरी धरला होता.

कारकुनाने कागद माझ्यापुढे सरकवला आणि मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, “स्वखुशीने देताय ना, बाई? दडपण नाही ना कोणाचं?”

“दडपण नाही,” मी म्हणाले. पेन हातात होतं. “पण खुशीही नाही.”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तसं लिहायला इथे जागा नाही. हो म्हणा किंवा नाही म्हणा.”

“मग नाही.”

“आक्का! आगं काय बोलतीस?” जालिंदर पुढे आला. “सोमवारी हो म्हणालीस न्हवं?”

“म्हणाले होते. चुकलं माझं.”

“वाटणी पायजे तुला? मग सरळ सांग की तोंडानं!”

“वाटणी नको, जाल्या. तूच कस, तूच खा. शेडला सही लागली तर मी येऊन देईन. नाव राहू दे.”

“नुसतं नाव ठिवून काय करायचं तुला?”

पेन टेबलावर ठेवलं. मी म्हणाले, “राहू दे.”

“मग आजपास्नं तुला म्हायेर न्हाई,” तो सगळ्या लोकांपुढे म्हणाला. ज्याची भीती होती तेच झालं होतं आणि ते माझ्याच तोंडाने झालं होतं.

कारकुनाला असल्या गोष्टींची सवय असावी. “आजी, तुम्ही या,” तो म्हणाला. “तुमचं तरी उरकून टाकू. इथे अंगठा द्या.”

आई उठली. टेबलाजवळ आली आणि कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

“ह्यात माझंबी नाव जातंय व्हय?” तिने विचारलं.

“हो. तुमचं आणि मुलीचं, दोघींचं.”

“जाल्या म्हणला, उताऱ्याचा कागद हाय.” तिने जालिंदरकडे पाहिलं. तो पिशवीची गाठ सोडत होता, बांधत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा पदराला पुसला. शाई काही निघाली नाही. नव्या लुगड्याला मात्र डाग पडला.

“घरला चला,” ती म्हणाली.

जालिंदर माझ्याशी तीन वर्षं बोलला नाही. आईशी मात्र त्याला बोलावंच लागे. भाकरी तीच थापायची.